विणीच्या दिवसांतला गळ

रोहिणीचे वळीव पडून गेले, मृगाचं पाणी ओढ्यांतून धावायला लागलं, की सातारा-सांगलीकडच्या गळवाल्यांत एकच चर्चा सुरू होते : आता काय लावायचं? गांडूळ चालेल की कणीक, रबरी बेडूक काढायचा की पितळी चमचा, शिसं लावून तळाशी सोडायचं की वरच्या वर ओढायचं? प्रश्न रास्त आहे. पाणी एका रात्रीत रंग बदलतं, मासे जागा बदलतात, त्यांची भूक बदलते. पण याच दिवसांत माशांचं आणखी एक काम चाललेलं असतं आणि त्यापुढे भूक मागे पडते. कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांतले बहुतेक मासे वैशाखापासून भाद्रपदापर्यंत कधी ना कधी अंडी घालतात. सगळे एकदम नाहीत. प्रत्येकाचा महिना वेगळा, रीत वेगळी. म्हणून या काळात कुठला मासा राखणीला बसलाय, कुठला चढणीवर आहे आणि कुठला मोकळा झालाय हे आधी ओळखावं लागतं. आमिषाचा विचार त्यानंतरचा. आमच्याकडच्या चर्चेत हा क्रम उलटा झालाय, असं मला वाटतं.

उलटा होण्याचं एक कारण म्हणजे ल्युअरची, म्हणजे कृत्रिम आमिषाची, मासेमारी आपल्याकडे बरीचशी परदेशी व्हिडिओ पाहून आली. मिरजेच्या किंवा कराडच्या पोराच्या डबीत आज जी मऊ प्लॅस्टिकची गांडुळं, फिरत्या पात्यांचे स्पिनरबेट आणि रबरी बेडूक दिसतात, त्यांतली बरीच घडणावळ अमेरिकेतल्या बास नावाच्या माशासाठी झालेली आहे. मोठ्या तोंडाचा हा बास वसंतात पाणी कोमट झालं की उथळात येतो. नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखणीला थांबतो. त्या दिवसांत तो फारसं खात नाही, पण खळग्याजवळ आलेल्या कुठल्याही वस्तूवर तुटून पडतो. ज्याला खळगा दिसला त्याच्या हाती मासा आलाच म्हणून समजा. तिकडच्या अभ्यासकांनी या प्रकाराची नीट तपासणी केली. राखणीचा नर गळाला लावून थोडा वेळ जरी बाजूला काढला, तरी टपून बसलेले छोटे मासे अंड्यांवर धाड घालतात. सोडून दिलेला नर परत आला तरी तोवर बरंच काही फस्त झालेलं असतं, आणि कधी कधी तो खळगा सोडूनच देतो. म्हणून कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात बऱ्याच पाण्यांवर बासची मासेमारी जून सरत येईपर्यंत बंद ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र ती बारमाही चालते, आणि तिथल्या गळवाल्यांमध्ये यावरून वाद आहे तो आहेच.

कृष्णेत बास नाही. पण त्याच स्वभावाची, त्याहून चिवट मरळ आहे.

मरळ हवा घेणारा मासा आहे. गढूळ, साचलेल्या, गवताने भरलेल्या पाण्यातही ती तगते, कारण ठरावीक वेळाने वर येऊन ती सरळ हवेतून श्वास घेते. त्यामुळे ती नदीच्या डोहांत तर असतेच, शिवाय पाटाच्या कडेच्या पाणकणसात, शेततळ्यांत, उसाच्या रानातून निघालेल्या चरांत आणि माण-खटावकडच्या आटत चाललेल्या तलावांतही असते. तिची वीण वळवापासून सुरू होते आणि पावसाळाभर चालते. नर-मादी मिळून गवतात एक गोल मोकळी जागा करतात. अंडी पिवळसर, तेलकट, वर तरंगणारी. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात ती दीड-दोन दिवसांत फुटतात. खरी राखण त्यानंतर सुरू होते. पिल्लं तांबूस-केशरी रंगाची असतात आणि घोळक्याने फिरतात. हवा घ्यायला सगळी एकदम वर आली की काठावरून पाण्याचा तेवढाच तुकडा चुळबुळताना दिसतो. बाकी पाणी शांत असतं. मिनिटभराने घोळका खाली जातो आणि थोडा सरकून पुन्हा वर येतो. त्याच्या खाली, नीट पाहिलं तर, एक काळपट लांबट सावली असते. कधी दोन असतात. घोळका सरकला की सावली सरकते. कितीतरी दिवस हे असंच चालतं.

या घोळक्यावरून रबरी बेडूक ओढला की काय होतं ते प्रत्येक मरळवाल्याने पाहिलेलं आहे. पहिल्या वेळी सावली नुसती वळते. दुसऱ्यांदा ती बेडकाला नाकाने ढोसून बाजूला लोटते. तोंड उघडलेलंच नसतं, त्यामुळे गळ लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र पाणी फुटल्याचा आवाज येतो आणि बेडूक दिसेनासा होतो. यात कौशल्य काहीच नाही. मरळ भुकेने आलेली नसते, तिला जागा सोडता येत नसते. ती पिशवीत गेली की पिल्लांचा घोळका थोडा वेळ तिथेच घुटमळतो, आणि मग चिलापी, शिंगाळा, पाणसाप, बगळे, दुसऱ्या मरळीसुद्धा त्यावर पडतात. पिल्लं हजारांच्या घरात असली तरी राखणीशिवाय त्यांतलं फारसं काही उरत नाही.

गळवाले यावर जे म्हणतात ते मला पटत नाही. जाळंवाले टोपल्या भरून नेतात, आम्ही एखादा मासा काढतो, त्याने काय फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. रोहू-कटल्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, कारण तो मासा अंडी पुराच्या पाण्यात सोडून मोकळा होतो आणि मागे वळून पाहत नाही. मरळीचं तसं नाही. तिथे एका माशाबरोबर सबंध पिल्लावळ जाते. आणि बासच्या नराचं काय होतं ते पाहिलं तर फोटो काढून सोडून देणारेही वाटतं तितके निर्दोष नाहीत. राखणीची मरळ चुकून लागलीच, तर पाण्याबाहेर न काढता, त्याच जागी, लगेच गळ सोडवावा. आणि चुळबुळ दिसली की दोर गुंडाळून पुढे जावं. माझ्या मते विणीच्या काळातलं मरळीचं तंत्र एवढंच आहे.

बेडकाचं खरं तंत्र कामाला येतं ते या आधी आणि नंतर. माघ-फाल्गुनात पाणी तापायला लागतं, मरळ थंडीची सुस्ती झटकून कडेला येते, पण जोडी अजून जमलेली नसते. दुसरा मोका दसरा-दिवाळीचा, तेव्हा पिल्लं सुटी झालेली असतात आणि मोठे मासे खाऊन खाऊन अंग भरत असतात. बेडूक गवताच्या पलीकडे टाकायचा, गवतावरून टप्प्याटप्प्याने ओढत आणायचा आणि मोकळ्या पाण्याच्या खिडकीत आला की थांबवायचा. थांबलेल्या बेडकावरच बहुतेक फटके येतात. फटका आला की लगेच काठी उपटायची घाई करू नये. बेडूक तोंडात नीट जाऊ द्यावा, दोर ताणला गेल्याचं हाताला कळलं की मग झटका द्यावा. गवतातून ओढून काढायचं असल्याने साधा तंगूस इथे उपयोगाचा नाही, विणलेला दोरच पाहिजे. गळाची टोकं वर वळलेली आणि अंगाला चिकटलेली असली म्हणजे पाणकणसात अडकत नाहीत. खरा जिवंत बेडूक लावण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून आहे. ती सोडून द्यावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण मृगाच्या पावसात बेडकांचीही वीण असते.

मरळ सोडायची तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला गळ टाकायचा कशावर? माझं उत्तर चिलापी असं आहे, आणि ते मी मनापासून देतो. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला. आज धरण असो की डबकं, तो नाही असं पाणी सापडणं कठीण. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांत त्याने देशी माशांच्या जागा आणि चारा दोन्ही बळकावलं. पाणी कोमट असेल तर तो जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. नर उथळात तळ उकरून गोल खळगा करतो. मे महिन्यात धोम, कण्हेर, उरमोडी अशा धरणांचं पाणी हटतं तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात हे खळगे रांगेने दिसतात, एकाशेजारी एक परात उपडी दाबून काढल्यासारखे. मादी अंडी खळग्यात ठेवत नाही. ती तोंडात घेऊन निघते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते आणि त्या दिवसांत काही खात नाही. त्यामुळे खळग्यावर गळाला लागतो तो बहुधा नर.

म्हणजे बासवाल्यांचं खळग्यावरचं सगळं तंत्र इथे जसंच्या तसं वापरता येतं, आणि मनाला टोचणी लागत नाही. हलकी काठी, बारीक दोर, बोटाच्या पेराएवढा स्पिनर किंवा दोन-तीन ग्रॅमच्या शिशाच्या डोक्याला लावलेलं रबरी गांडूळ. खळग्याच्या पलीकडे टाकून तळावरून हळू सरकवत आणायचं आणि खळग्यात आलं की थांबवायचं. नर ते तोंडात धरून बाहेर टाकायला येतो, तेवढ्यात काठी उचलायची. पोलराइज्ड चष्मा घातला तर पाण्यावरची चकाकी जाते आणि खळगा, मासा, आमिष तिन्ही दिसतात. ज्यांना ल्युअर नको त्यांच्यासाठी कणकेची गोळी किंवा गांडुळाचा तुकडा आणि भेंडाचा तरंगता तुकडा पुरे. लहान मुलांना गळ शिकवायचा असेल तर याहून चांगला मासा नाही. आणि हा मासा परत पाण्यात सोडू नये, घरी नेऊन तळावा.

पाऊस लागला की प्रश्न वेगळा होतो, कारण मग चढण सुरू होते. जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात पहिल्या मोठ्या पावसात ओढे गढूळ होऊन फुगतात आणि नदीतले छोटे मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात, ओढ्यांतून थेट भाताच्या खाचरांपर्यंत. चढणीच्या माशांसाठी गावं रात्रीची बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. हा जुना, आनंदाचा सोहळा आहे आणि गाभोळीने भरलेल्या माशाची चव ज्याने घेतली त्याला ती विसरता येत नाही. पण पूर्वी हे मासे मोकळ्या नदीतून यायचे, वाटेत अडथळे कमी होते, आणि पकडून उरलेलेही भरपूर असायचे. आता प्रत्येक खोऱ्यात धरण आहे आणि धरणाखाली काही काही मैलांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे खांबांमधल्या आडव्या फळ्या, पावसाळ्याआधी काढले तर खांबांमधून माशाला वाट मिळते. काढायला उशीर झाला की वर चढणारा सगळा लोंढा बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन थडकतो. गळवाला, जाळंवाला, सगळे तिथेच जमतात, कारण तिथे काहीही लावलं तरी मासा लागतो. मला विचाराल तर जून-जुलैमध्ये बंधाऱ्याच्या खालच्या पाण्यात गळ टाकूच नये. आणि बरगे वेळेवर निघावेत यासाठी गळवाल्यांनी गावातल्या शेतकऱ्यांसोबत पाटबंधारे खात्याकडे जरूर जावं. बरगे वेळेवर काढण्यात पुराचीही सोय आहे, त्यामुळे हे मागणं कुणाच्या विरोधातलं नाही.

चढणीच्या दिवसांत गढूळ पाण्यात ल्युअर फारसं चालत नाही. मासा दिसण्यावर नाही, वासावर आणि कंपावर येतो. म्हणून गांडूळ. वाम आणि शिंगाळा तळाशी गांडुळावर येतात. शिवडा पूर चढताना काठाच्या बुडालेल्या गवतात शिरतो, तो तिथे अंडी घालायला आलेला असतो हे लक्षात ठेवावं. शिंगाळ्याची वीण त्याआधीची, उन्हाळ्याच्या शेवटाकडची, आणि त्याचा नरही तळात खळगा करून राखण करतो. गढूळ पाण्यातून ते काही दिसत नाही, त्यामुळे त्या काळात एकाच जागेवरून लागोपाठ मोठे शिंगाळे लागायला लागले तर जागा बदलणं बरं.

रोहू, कटला, मृगळ यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. हे मासे वाहत्या पुरातच अंडी घालतात, तळ्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी माशाच्या मस्तकातल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं, आणि तेव्हापासून तलावांत सोडायचं बीज केंद्रांत तयार होऊ लागलं. आपल्या धरणांत आणि तलावांत गळाला लागणारा कटला बहुधा असा सोडलेलाच असतो. तिथे गळ टाकायचा तर ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे तिची परवानगी घ्यावी. कोंडा, शेंगदाण्याची पेंड, थोडा गूळ यांचा लाडू पाण्यात सोडून मासा गोळा करायचा आणि कणकेच्या गोळीवर लावायचा. यात हंगामाचा फारसा गुंता नाही.

खरा गुंता खडशीचा आहे. तिचं महाशीर हे नाव आता सगळीकडे चालतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाची १८३९ साली शास्त्रीय नोंद केली. कृष्णा-कोयनेच्या वरच्या अंगाला, खडकाळ डोहांत आणि खळाळत्या उतारांवर, हा मासा आमच्याकडचा राजा होता. निळसर पर, मोठी खवलं, आणि गळाला लागल्यावर पहिली जी धाव घेतो ती ज्याने अनुभवली त्याला दुसऱ्या माशाचं कौतुक उरत नाही. खडशी पावसाळ्यात, पूर चढता-उतरता असताना वर सरकते आणि गोट्या-वाळूच्या तळावर टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. अंडी गोट्यांच्या फटींत बसतात. रोहू-कटल्याची अंडी लाखांत मोजतात, खडशीची हजारांत. वर जाण्याची वाट धरणाने बंद झाली आणि खालचा तळ वाळूउपशाने उकरला गेला, की या माशाला दोन्ही बाजूंनी जागा उरत नाही. १९६०च्या दशकात कोयना धरण झालं, पुढे धोम, कण्हेर, वारणा. खडशीच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नदीचा एक तुकडा तुटत गेला.

सावरण्याचं काम लोणावळ्यात झालं. टाटांच्या वीज कंपनीने तिथल्या वळवणच्या केंद्रात १९७०च्या दशकात खडशीचं कृत्रिम प्रजनन हाती घेतलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि डॉ. ओगले यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलंय. पावसाळ्यात तलावाच्या तोंडाशी चढणीला आलेल्या माद्या पकडायच्या, हाताने अंडी काढायची, पिल्लं वाढवायची आणि देशभर पाठवायची, असं ते चाललं. जागतिक निसर्ग संघटनेच्या लाल यादीत हा मासा आधी धोक्यातल्या गटात होता, आता तो कमी काळजीच्या गटात आला आहे. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथे कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाकाय महाशीर मागे पडत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. केंद्रातून पिल्लं आणून नदीत ओतली की झालं, असं म्हणणाऱ्यांनी कावेरीचं हे उदाहरण विसरू नये. कोयनेची खडशी कोयनेतच वितेल एवढी जागा राखणं हे त्याहून अवघड आणि त्याहून गरजेचं आहे.

जागा राखण्याची आपल्याकडची जुनी रीत देवाच्या नावाने होती. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड आहे. तिथल्या डोहात महाशीर देवीचे म्हणून राखले जातात, कुणी पकडत नाही, भाविक त्यांना खायला घालतात. पालघर जिल्ह्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहातही तसंच. सह्याद्रीच्या आमच्या बाजूला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, आणि शिवसागर-वसंतसागरच्या वरच्या ओढ्यांना त्यामुळे जो आसरा मिळाला तो वाघाइतकाच माशांच्याही उपयोगाचा आहे. हे पाणी मासेमारीला उघडावं अशी मागणी गळवाल्यांनी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हद्दीबाहेर, जिथे परवानगी आहे तिथे, खडशीसाठी ज्येष्ठाच्या आधीचा महिना-दीड महिना आणि मग थेट आश्विन-कार्तिक, एवढेच दिवस मी धरतो. उन्हाळ्यात एक मोठी अडचण असते. पाणी तापलेलं, प्राणवायू कमी. मोठा मासा दमवून काढला आणि सोडला तरी तो डोहात जाऊन मरतो. म्हणून मे महिन्यात दोर जाड ठेवावा, झुंज आवरती घ्यावी आणि पहाटेची वेळ सोडून काठी काढू नये. या दिवसांत एक जुनं आमिष फार कामाचं आहे : नदीवर झुकलेल्या उंबराखाली गळून पडणारं पिकलं उंबर. खडशी ते आवडीने खाते, जांभळंही खाते. झाडाखालच्या डोहात उंबर गळात ओवून शिसं न लावता सोडलं, की ते प्रवाहाबरोबर खऱ्या फळासारखं जातं. दुकानातलं कुठलंही ल्युअर या आमिषाशी स्पर्धा करू शकत नाही.

सांगलीकडच्या नदीकाठाला हंगामाचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो जिवाचा आहे. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या वाळूत-मातीत अंडी घालते आणि मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. म्हणजे ज्या दिवसांत गळवाला काठाच्या कपारीत उकिडवा बसून चिलापीचे खळगे शोधत असतो, त्याच दिवसांत मगर त्याच काठावर राखणीला असते. हल्ले झालेले आहेत, माणसं गेलेली आहेत. पाण्यात उतरून गळ टाकू नये, मासे काठाशी पाण्यात धुऊन साफ करू नयेत, संध्याकाळ झाली की पाण्यापासून लांब व्हावं. धरणांतून विसर्ग सोडला जातो तेव्हाचं पाणी किती झपाट्याने चढतं हे २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर इथे कुणाला सांगायला नको.

कायद्याकडे वळलं तर चित्र अपुरं आहे. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे, राज्याचा स्वतःचा अधिनियम १९६०चा. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्या-तलावांवर १६ जून ते १५ ऑगस्ट अशी बंदी पाळली जाते. आपल्या नद्यांच्या काठावर मात्र विणीचा हंगाम म्हणून कुणी थांबल्याचं फारसं दिसत नाही, आणि हे बदलावं असं मला तळमळीने वाटतं. अर्थात, बंदी गळवाल्यावर आणि भोई-कोळ्यांवरच येऊन थांबायला नको. २०२३च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या आसपास कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. दूषित पाण्याचा एकच लोंढा, आणि विणीच्या आधीचे मोठे मासे लहानांसकट गेले. सगळे गळवाले मिळून वर्षभरात जेवढं काढणार नाहीत तेवढं एका दिवसात संपलं. नदीत काय सोडलं जातं यावर बोलायचा हक्क काठावर रोज बसणाऱ्याला जास्त आहे, आणि तो त्याने वापरला पाहिजे.

नवरात्र उलटलं की पाणी निवळायला लागतं. ल्युअरचा खरा हंगाम हा. कृष्णा-कोयना, कृष्णा-वेण्णा, कृष्णा-वारणा असे संगम जिथे आहेत तिथे एका नदीचं पाणी लवकर निवळतं, दुसरीचं मागून. दोन रंगांची जिथे शिवण पडते तिथे शिकारी मासे निवळ बाजूला तोंड करून उभे राहतात. चमचा गढूळ बाजूला टाकावा आणि निवळाकडे ओढत आणावा. पाणी जरा गढूळ असेल तर काळा किंवा गडद रंग आणि कंप करणारं पातं, निवळ झालं की चांदीचा रंग आणि आकार लहान. शिवड्यासाठी चमचा खोल बुडू द्यावा, खडशीसाठी उताराच्या शेपटीला, जिथे खळाळ संपून डोह सुरू होतो, तिथे आडवा ओढावा. तिनटोकी गळ काढून एकटोकी लावावा आणि त्याचा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मासा निसटण्याचं प्रमाण थोडं वाढतं, पण सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. हात ओले करून धरावं, कल्ल्यात बोटं घालू नयेत, वजनाच्या काट्याला जबड्याने टांगू नये. मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच धरावा, आणि शेपटीने हाताला झटका दिला की सोडावा.